खुब्यावरील दुर्बीण शस्त्रक्रिया : दीर्घकालीन परिणाम

खुब्याच्या सांध्यातील रचनादोष छोट्या छिद्रांतून दुर्बीण व बारीक हत्यारे घालून दुरुस्त करण्याची पद्धत. मांडीच्या हाडाचा गोळा त्याच्या खालच्या निमुळत्या भागाजवळ (हाडाच्या मानेजवळ) पुरेसा गोल नसणे (कॅम) आणि गोळा ज्यात बसतो त्या वाटीची कड जास्त पुढे आलेली असणे (पिन्सर) हे नेहमी आढळणारे दोष. पाय पोटाकडे वाकवला की हाड कडेवर आदळते, कडेचे कूर्चावलय (लॅब्रम) फाटते, शेजारची कूर्चा सुटू लागते आणि जांघेत कळ येते. यातून पुढे सांधा झिजू शकतो, ही मांडणी २००३ साली स्विस अस्थिशल्यचिकित्सक राइनहोल्ड गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

सोलापुरात ही कळ बैठकीत उघडी पडते. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचे सारे काम जमिनीवरचे. बैठकीने दोष निर्माण होतो असे नाही, पण असलेला दोष तिथे बोचू लागतो. म्हणून ‘मांडी घालता येते का?’ हा प्रश्न इथल्या तपासणीत आधी यायला हवा.

ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया व व्यायामोपचार या दोन्ही गटांना आराम पडला. वर्षभरानंतर खुब्याशी निगडित जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावलीत शस्त्रक्रियेचा गट १०० पैकी सरासरी ६.८ गुणांनी पुढे होता. हा फरक खरा आहे, पण मोठा नाही.

दहा वर्षांनंतरचे चित्र मुख्यतः कूर्चा शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली की नाही, यावर ठरते. सांध्यातील फट (एक्स-रेत दिसणारे, कूर्चेची जाडी सुचवणारे अंतर) चांगली असलेल्या तरुण रुग्णांपैकी बहुतेकांचा आराम टिकतो. एक्स-रेमध्ये फट २ मिलिमीटर किंवा कमी उरली असेल, तर पुढे खुबा बदलावा लागण्याची शक्यता बरीच वाढते. अशा रुग्णाला दुर्बिणीच्या ऑपरेशनची आशा दाखवणे योग्य नाही. लॅब्रम कापून टाकण्यापेक्षा शिवण्याकडे आता कल आहे. हाडाचा उंचवटा पुरेसा न घासणे हे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे नेहमीचे कारण. दुखत नसलेल्या खुब्यावर केवळ संधिवात टाळण्यासाठी ही शस्त्रक्रिया करण्याला पुराव्याचा आधार नाही.

उथळ वाटीचा खुबा वेगळा. तिथे केवळ दुर्बिणीने कड किंवा सांध्याचे आवरण कमी केले, तर सांधा आणखी अस्थिर होऊ शकतो. अशा रुग्णांत वाटीभोवतीचे हाड कापून वाटी फिरवून बसवण्याची खुली शस्त्रक्रिया विचारात घेतात. तीही गांझ यांनीच १९८० च्या दशकात विकसित केली.