छपरावरच्या रोपाने वीज टळते का?

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात जुन्या घरांच्या छपरांवर आपल्या पानफुटीच्या कुळातलं एक मांसल रोप दिसतं. वेल्श नाव ‘ल्हस्याय पेन ताय’, म्हणजे घरांच्या माथ्यावरची वनस्पती. ते असलं की घरावर वीज पडत नाही, हा समज शतकानुशतकं चालत आलाय. दाखला म्हणून पश्चिम युरोपाचा सम्राट शार्लमेन याचं इ. स. 800 च्या सुमाराचं फर्मान पुढे केलं जातं. माळ्याने घरावर हे रोप ठेवावं असं त्यात आहे खरं, पण विजेबद्दल अवाक्षरही नाही!

वीज जमिनीत उतरवायला धातूची पट्टी लागते. रोपाचं ते काम नव्हे. छपरावर ते तगतं, कारण जाड पानांत पाणी साठतं आणि पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. चिमूटभर मातीत भागतं. पानांचा गुच्छ एकदा फुलला की मरतो, भोवतीची पिल्लं त्याची जागा घेतात.

शिवाय ते तिथलं रानटी नाहीच. दक्षिण युरोपातल्या डोंगरांतून माणसानेच आणलेलं. भिंतींवर आपसूक उगवणारी, मूळची तिथलीच रोपं वेगळी: गोल पानाच्या मधोमध खळगा असलेलं ‘डेइलेन ग्रॉन’, आणि पिवळ्या फुलांचं, तिखट ‘पिपिर अ वाग्विर’. हे दुसरं चाखायच्या फंदात पडू नका, पोट बिघडतं.