रबडी उन्हात वाळवली की नत्र उडालं

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसच्या ऊसपट्ट्यात गोबर गॅसची रबडी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ शेणकाला, अनेक ठिकाणी उघड्या खड्ड्यात सोडतात. ती वाळून तडकली की ट्रॉलीत भरून रानात नेतात. वाहतूक सोपी होते, हे खरं. पण पाण्याबरोबर नत्रही गेलेलं असतं.

टाकीतले जिवाणू शेणातला कार्बन गॅस म्हणून काढून घेतात. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास तेवढंच मागं राहतं. मात्र सेंद्रिय नत्राचा काही भाग अमोनियम होतो. तो पिकाला लगेच मिळतो, म्हणून रबडी कच्च्या शेणापेक्षा लवकर लागू पडते. पण तिचा सामू (pH) साडेसातच्या आसपास किंवा थोडा वर असतो. अशा रबडीला ऊन-वारा लागला की तेच अमोनियम अमोनिया वायू होऊन उडतं.

हिशेब घालून बघा. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण आणि 50 लिटर पाणी लागतं. 50 किलो शेणात कोरडा भाग 9 किलोच्या आसपास. त्यातला पाव हिस्सा गॅसमध्ये गेला, तर साडेसहा किलो उरतो. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर दिवसाला 100 ग्रॅम, वर्षाला 35 किलोच्या पुढं. म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या पावणेदोन पोत्यांइतकं. सगळं एकाच हंगामात पिकाला मिळत नाही, पण फुकट घालवण्याइतकं थोडंही नाही.

रबडी मुरवायला आपल्याकडं पाचटासारखी दुसरी वस्तू नाही. पाचटात कार्बन भरपूर, नत्र अगदी कमी, रबडीचं उलटं. सावलीत पाचटाच्या कुट्टीचा वीतभर थर द्या, तो भिजेपर्यंत रबडी शिंपडा, पुन्हा थर. ढीग कमरेएवढा झाला की वरून दोन-तीन बोटं माती पसरा. सुटणारा अमोनिया ती बराचसा धरून ठेवते. मूठभर माल दाबला की हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. गळत असेल तर आत हवा खेळत नाही, ढीग तापत नाही आणि घाण वास सुटतो. मग कोरडं पाचट मिसळून ढीग उलटा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं.

पातळ रबडी थेट द्यायची असेल तर संध्याकाळी सरीत सोडून लगेच मातीआड करा. पाटाच्या पाण्यात नुसती ओतली की चोथा सरीच्या तोंडाशीच बसतो आणि शेवटच्या उसाला नुसतं पाणी जातं. ठिबकमधून देताना आधी ती निवळू द्या, कापडातून गाळा, नंतर फिल्टरमधून न्या. शेवटी वीसेक मिनिटं स्वच्छ पाणी सोडा, नाहीतर ड्रीपर तुंबलेच.

रबडीला आंबट वास येतो, माशा घोंगावतात? शेण पुरतं पचलेलं नाही. बहुधा रोजचं शेण टाकीच्या मापापेक्षा जास्त पडतंय. आपल्या हवामानात ते सुमारे 40 दिवस आत राहायला हवं. जतसारख्या भागात पाणी वाचवायला रबडीची निवळी (वर निथळलेलं पाणी) पुन्हा शेण कालवायला वापरता येते. पण निम्मं ताजं पाणी ठेवा. सगळी निवळीच फिरवली तर क्षार आणि अमोनिया साठून गॅस घटतो. कोंबडीखत घालणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण त्यात नत्र मुळातच जास्त.

शिराळ्याच्या पावसात खड्डा भरून ओढ्याला लागू नये म्हणून दोन खड्डे हवेत. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल खड्डा रोजच्या 100 लिटरला वीस दिवस पुरतो. वर पत्रा आणि कडेनं बांध घाला. टाकीत किंवा झाकलेल्या खड्ड्यात गाळ काढायला माणूस उतरवू नका. तिथं हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि तो जास्त असला की नाकाला वासच येईनासा होतो.