अंतर्गत चौकशी (खासगी नोकरी)

गैरवर्तनाचा आरोप असलेल्या कर्मचाऱ्याला शिक्षा देण्यापूर्वी मालकाने करायची चौकशी. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत तिला सर्रास ‘डोमेस्टिक एन्क्वायरी’ म्हणतात. सरकारी नोकराला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे (चौकशीविना बडतर्फीविरुद्धचे) संरक्षण असते, खासगी नोकराला नसते. त्याची भिस्त कामगार कायदे, स्थायी आदेश (आस्थापनेचे कायदेशीर सेवानियम) आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांवर (बाजू ऐकून घेणे, निःपक्ष निर्णय).

सूर एनॅमल खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने अशा चौकशीची किमान चौकट आखून दिली. आरोप स्पष्ट कळवावेत, साक्षी शक्यतो कर्मचाऱ्यासमोर व्हाव्यात, त्याला उलटतपासणी घेता यावी, स्वतःसह आपले साक्षीदार उभे करता यावेत आणि चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष कारणांसह लिहावेत. प्रत्यक्षात गाडी अडते ती आरोपपत्रापाशीच. ‘वर्तन समाधानकारक नाही’ एवढ्या मोघम वाक्याला कोणी काय उत्तर देणार? तारीख, वेळ आणि घटना मागून घेणे हा हक्कच आहे. वकील मात्र हक्काने मिळत नाही. बहुधा सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी बाजू मांडतो. कंपनीतर्फे कायद्याचा जाणकार उभा असेल, तर कर्मचाऱ्यालाही वकील नाकारू नये, असे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात ठरले.

निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो. पुढचा विलंब त्याच्यामुळे नसेल, तर ७५ टक्के. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे जाते आणि तिची चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत प्रश्न वेगळाच असतो. तिथे अनेकदा चौकशी होतच नाही. एचआर खोलीत बोलावून ‘पेपर टाका (राजीनामा द्या), रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ’ म्हणते. सही झाली की चौकशीतले सगळे हक्क गळून पडतात आणि राजीनामा दबावाखाली दिला हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो. म्हणून त्याच बैठकीत सही न करता लेखी आरोप मागणे फार महत्त्वाचे. पदनाम ‘मॅनेजर’ असले, तरी कायद्याने कामगार कोण हे प्रत्यक्ष कामावरून ठरते. खरोखर व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कामगार न्यायालयाचे दार बंद असते. त्याने नियुक्तिपत्राच्या आधारे दिवाणी न्यायालयात जायचे, आणि तिथे सहसा नुकसानभरपाई मिळते, नोकरी नाही.

चौकशीच्या प्रत्येक बैठकीचे कामकाज वाचूनच सही करावी, प्रत घ्यावी आणि हरकत तिथल्या तिथे लेखी नोंदवावी. चौकशी सदोष ठरली, तरी मालकाला न्यायालयात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळू शकते.