नदीकाठचे शहर: वेढा की सुलतानढवा?

शहराला वेढा घालून रसद तोडायची, की तटाला भगदाड पाडून सुलतानढवा करायचा, हा प्रश्न सेनापतींपुढे हजारो वर्षे उभा आहे. शहर नदीकाठी असले की तो अधिकच अवघड होतो. मैदानातल्या शहराभोवती मोर्च्यांची साखळी पुरी करता येते. नदीकाठी मात्र वेढा घालणाऱ्या फौजेचेच दोन तुकडे पडतात. एका काठावर हल्ला झाला तर पलीकडची कुमक वेळेत पोहोचेलच असे नाही, आणि दोन्ही काठ हाती आले तरी मधले पाणी उघडे असेपर्यंत रात्रीच्या अंधारात धान्याच्या नावा येतच राहतात. त्यामुळे अशा शहरांचा इतिहास वाचताना सेनापतीचा धीर किंवा धाडस मोजण्याआधी नदी कोणाच्या ताब्यात होती, हे पाहावे लागते.

हुलागूच्या मंगोल फौजेने 1258 मध्ये बगदादला वेढले, तेव्हा तैग्रिसवर शहराच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नावांचे पूल बांधून जलमार्ग बंद केला. जानेवारीअखेर सुरू झालेला वेढा 10 फेब्रुवारीला खलिफाच्या शरणागतीने संपला.

हाच विचार सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमलात आला तो अँटवर्पला. स्पेनचा सेनापती अलेक्झांडर फार्नेझे याने 1584 मध्ये स्पेनविरुद्ध बंड केलेल्या या संपन्न बंदरावर थेट हल्ला न करता स्केल्ट नदीच बंद करायचे ठरवले. नदी रुंद आणि भरती-ओहोटीची होती. दोन्ही काठांकडून लाकडी खांबांवर पूल पुढे आणला, आणि जिथे खोलीमुळे खांब रोवता येईनात तिथे नांगरलेल्या नावा साखळदंडांनी एकमेकींना बांधल्या. सुमारे 700 मीटरचा हा पूल फेब्रुवारी 1585 मध्ये पुरा झाला. एप्रिलमध्ये शहरवासीयांनी दारूगोळा आणि दगड ठासून भरलेली जहाजे प्रवाहात सोडली. त्यांतल्या एकाच्या स्फोटाने पुलाला खिंडार पडले आणि शेकडो सैनिक क्षणात मेले. त्या वेळी शहराच्या बाजूचे डच आरमार आत घुसले असते तर वेढाच मोडला असता, पण ते पुढे आले नाही. फार्नेझेने पूल दुरुस्त करून घेतला आणि 17 ऑगस्टला अँटवर्प शरण आले.

वेढ्याला लागणारा वेळ मात्र प्रत्येक सेनापतीजवळ नसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात मिसिसिपीच्या वळणावरील उंच कड्यावर वसलेल्या, दक्षिणेच्या ताब्यातील व्हिक्सबर्गसमोर उत्तरेच्या जनरल ग्रँटने 1863 च्या मे महिन्यात 19 आणि 22 तारखेला असे दोन हल्ले चढवले, कारण दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन याची फौज पाठीमागे गोळा होत होती आणि एकदा प्रयत्न केल्याशिवाय आपले सैनिक खंदक खणण्याचे काम मनापासून करणार नाहीत, असे त्याला वाटत होते. दुसऱ्या हल्ल्यात तीन हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यानंतर त्याने वेढाच आवळला. नदी त्याच्या आरमाराच्या हाती असल्याने शहराला पाण्याकडूनही वाट उरली नव्हती. तोफांच्या माऱ्यापासून वाचण्यासाठी टेकड्यांत खोदलेल्या गुहांत नागरिक राहू लागले आणि 4 जुलैला सुमारे 29,500 सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली.

तैग्रिसच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या इराकमधील कूत येथे पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 मध्ये, जनरल टाउनशेंडची ब्रिटिश हिंदी सैन्यातली सहावी पूना डिव्हिजन तुर्कांनी कोंडली. तीत मराठा पलटणीही होत्या, त्यामुळे हा वेढा आपल्याला परका नाही. नाताळच्या आदल्या दिवशीचा तुर्कांचा हल्ला परतवला गेला. मग त्यांनी उपासमारीवर भिस्त ठेवली. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजेचे सुमारे 23,000 सैनिक मृत वा जखमी झाले. 24 एप्रिल 1916 च्या रात्री 270 टन रसद घेऊन ‘ज्युल्नार’ ही आगबोट निघाली, पण तुर्कांनी नदीत आडव्या ताणलेल्या तारेच्या दोरखंडात ती अडकली. 29 एप्रिलला सुमारे 13,000 जण शरण गेले आणि त्यांतले हजारो पुढे कैदेत मेले.

स्टालिनग्राडला 1942 मध्ये जर्मनांनी उलट केले. व्होल्गाच्या पूर्व काठाला हात न लावता ते शहरात शिरले, एकेका इमारतीसाठी लढले, आणि समोरून दर रात्री होड्यांनी कुमक येत राहिली. पूर्व काठावरच्या सोव्हिएत तोफाही अखेरपर्यंत चालू राहिल्या. माझ्या मते ती मोहीम तिथेच फसली होती; 23 नोव्हेंबरला शहराच्या पश्चिमेला डॉन नदीकाठी कलाचजवळ सोव्हिएत फौजांनी वर्तुळ पुरे केले आणि हल्ला करणारेच वेढले गेले.

वेढ्यात आपले सैनिक कमी मरतात, हे खरे. पण मग मरते कोण, हे लेनिनग्राडने दाखवले. लाडोगा सरोवरातून नेवा नदी जिथे बाहेर पडते ते श्लिसेलबुर्ग जर्मनांनी 8 सप्टेंबर 1941 रोजी घेतले आणि शहर ताब्यात घेण्याऐवजी उपाशी मारायचे ठरवले. त्या हिवाळ्यात कामगार नसलेल्या माणसाला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता आणि त्या पावातही भुसा मिसळलेला असे. गोठलेल्या सरोवरावरून ट्रकांची वाट सुरू झाली, तरीही लाखो माणसे भुकेने गेली.

या वेढ्याचे सेनापती फॉन लेब यांच्यावरील खटल्यात 1948 मध्ये न्यायाधीशांनी असे उपासमारीचे डावपेच तत्कालीन कायद्याने गुन्हा ठरत नाहीत, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी चौथ्या जिनिव्हा कराराने वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, वृद्ध, मुले आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी उभय पक्षांनी समझोत्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले. नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धतंत्र म्हणून निषिद्ध ठरायला मात्र जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेला पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल यावा लागला. शत्रूच्या शिबंदीला वेढण्यास त्यानेही मनाई केलेली नाही.