प्रतिपिंडांचा आकडा खाली गेला, मग उरलं काय?

कोविडच्या पहिल्या लाटेनंतर इंदूरच्या पॅथॉलॉजी लॅबमधून एक नवा कागद घरोघरी येऊ लागला. रक्तातल्या विषाणूविरोधी प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, आकडा सांगणारा अँटिबॉडी टेस्टचा रिपोर्ट. तो सगळ्यात जास्त मनावर घेतला दवाखान्यात काम करणाऱ्यांनी. माझी मामेबहीण स्टाफ नर्स आहे. 2020 मध्ये तिला ड्यूटीवरच कोविड झाला. बरी झाल्यावर तिने टेस्ट केली तेव्हा आकडा चांगला मोठा आला, आणि काही महिन्यांनी केली तेव्हा निम्म्याहून खाली. "दादा, म्हणजे आता माझ्यात काहीच उरलं नाही का?" असं तिने विचारलं. रामबाग, सुदामानगर भागातल्या ओळखीच्या आणखी काही सिस्टर आणि टेक्निशियनही तेव्हा हेच विचारत होत्या. आज या प्रश्नाचं बरंचसं उत्तर हातात आहे, आणि ते मिळवून देण्यात मोठा वाटा दवाखान्यातल्या माणसांचाच आहे.

एकदा संसर्ग झालेला माणूस पुन्हा किती सुरक्षित असतो, हे कळायला अशी माणसं लागतात ज्यांचा रोगाशी रोज संबंध येतो आणि ज्यांची लक्षणं नसतानाही ठरलेल्या दिवशी तपासणी करता येते. परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय, लॅबवाले या दोन्ही गोष्टींत बसतात. ब्रिटनमध्ये जून 2020 पासून 'सायरन' नावाचा अभ्यास सुरू झाला. सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची दर पंधरवड्याला पीसीआर तपासणी व्हायची आणि ठरावीक काळाने रक्त घेतलं जायचं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 25,661 कर्मचारी होते. त्यांतल्या 8,278 जणांना आधी संसर्ग होऊन गेला होता, उरलेल्या 17,383 जणांना नव्हता. पुढच्या काळात पहिल्या गटात 155 संसर्ग सापडले, दुसऱ्या गटात 1,704. सगळा हिशेब लावून संशोधकांनी सांगितलं, की आधी संसर्ग झालेल्यांना पुन्हा संसर्ग होण्याचा धोका 84 टक्के कमी होता आणि हे संरक्षण निदान सात महिने टिकलेलं दिसलं. याच महिन्यांत अनेकांच्या रक्तातली प्रतिपिंडं उतरत होती, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

मग ती उतरतात कशामुळे? विषाणू शरीरात शिरला की बी-पेशींपैकी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काही घाईघाईने प्रतिपिंडं तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी बनतात. त्या भरमसाट माल काढतात आणि बहुतेक थोड्याच दिवसांत मरून जातात. आजारानंतर महिना-दीड महिन्यात रिपोर्टवर दिसणारा भलामोठा आकडा मुख्यतः त्यांचा. त्या गेल्या की तो घसरणारच. प्रत्येक सर्दीतापानंतर आकडे तेवढेच वर राहिले असते तर एव्हाना आपलं रक्त प्रथिनांनी घट्ट झालं असतं.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. रक्तातल्या आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांचं अर्धायुष्य साधारण 21 दिवसांचं असतं, म्हणजे दर तीन आठवड्यांनी निम्मी प्रतिपिंडं नाहीशी होतात. नवीन काहीच तयार होत नसतं, तर वर्षभरात आकडा लाखाहून अधिक पटीने घटून शून्याशी टेकला असता. तसं होत नाही. पहिले तीन-चार महिने तो झपाट्याने उतरतो, मग उतार मंदावतो आणि पातळी बरीच स्थिर होते. गच्चीवरच्या टाकीतून रोज पाणी उपसलं जातंय आणि तरी पातळी एका खुणेपाशी टिकून आहे, तर खाली कुठेतरी नर्मदेचा नळ चालू आहे हे इंदूरकराला कुणी सांगायला नको.

हा नळ असतो हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. काही प्लाझ्मा पेशी लसीकाग्रंथींमधून (मानेत, काखेत असतात त्या गाठींमधून) निघून तिथे मुक्काम करतात आणि वर्षानुवर्षं जगतात. कोविडनंतरही असं घडतं का, हे अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये तपासलं. त्यांच्याकडचे रुग्ण बहुतेक सौम्य आजारातून उठलेले होते. त्यांच्यापैकी 18 जणांनी आजारानंतर सात-आठ महिन्यांनी कमरेच्या हाडातून मज्जेचे नमुने काढू दिले. ही तपासणी दुखरी असते, त्यामुळे त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांतल्या बहुतेकांच्या मज्जेत कोरोनाच्या काटेरी प्रथिनाविरुद्ध (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइकविरुद्ध) प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी सापडल्या. ज्यांना संसर्ग झालाच नव्हता अशा 11 जणांत एकही नाही.

रिपोर्टवर न दिसणारा साठा आणखीही आहे. लसीकाग्रंथींमध्ये काही बी-पेशी महिनोन्‌महिने सुधारत राहतात, विषाणूला अधिक घट्ट पकडणाऱ्या तेवढ्या टिकतात, आणि त्यांतून स्मृतिपेशी बनतात, म्हणजे तोच विषाणू पुन्हा आला की त्याला ओळखणाऱ्या पेशी. 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कोविड होऊन गेलेल्या 188 जणांचं रक्त तपासलं होतं. त्यात काटेरी प्रथिन ओळखणाऱ्या स्मृतिपेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त निघाल्या. माझ्या बहिणीचा आकडा निम्म्यावर येत होता त्याच काळात तिच्या शरीरात ही वाढ चालू असण्याचीच शक्यता अधिक. तिसरा भाग टी-पेशींचा. त्या विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींना हुडकून नष्ट करतात. साध्या अँटिबॉडी टेस्टमध्ये त्यांचा मागमूसही लागत नाही.

टी-पेशी किती काळ राहतात याचा पुरावा आधीच्या साथीतून मिळाला. कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूमुळे आलेल्या 2002-03 च्या सार्सने जगभरात 8,096 लोकांना गाठलं, त्यांतले सुमारे 21 टक्के आरोग्य कर्मचारी होते. त्या साथीतून बऱ्या झालेल्या 23 जणांचं रक्त सिंगापूरच्या संशोधकांनी 17 वर्षांनी तपासलं, तेव्हाही सार्सच्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी त्यात होत्या. बी-पेशींची गोष्ट याहून थक्क करणारी आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या आधी जन्मलेले 32 जण, वय 91 ते 101, 2008 च्या एका संशोधनात सहभागी झाले. जवळपास 90 वर्षांनंतरही त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातून त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी वेगळ्या करता आल्या.

एवढं सगळं टिकतं, तर लोकांना पुन्हा पुन्हा कोविड का होतो? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गोवरही श्वासावाटेच येतो, पण एकदा झाला की त्यापासूनचं संरक्षण जन्माचं. डेन्मार्कच्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरने 1846 मध्ये फेरो बेटांवर हे पाहिलं. 1781 च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही 65 वर्षांनी आलेल्या साथीत तो पुन्हा झाला नाही. पण गोवराचा विषाणू आधी रक्तातून शरीरभर फिरतो आणि ताप यायला साधारण दहा दिवस घेतो. स्मृतिपेशींना जागं होऊन पुरेशी प्रतिपिंडं बनवायला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणजे गोवरात त्यांच्या हाती भरपूर वेळ असतो. कोरोनाचा विषाणू नाकाघशाच्या अस्तरावरच वाढायला लागतो. सुरुवातीला संसर्गापासून लक्षणांपर्यंत पाच-सहा दिवस जायचे, ओमायक्रॉनमध्ये ते साडेतीनच्या आसपास आले. स्मृतिपेशी कामाला लागेपर्यंत नाक गळायला लागलेलं असतं. नाकातच विषाणूला अडवायचं तर तिथे आधीपासून प्रतिपिंडं हजर हवीत, आणि नेमकी तिथली आयजीए प्रतिपिंडं रक्तातल्यांपेक्षा लवकर विरतात. त्यात विषाणूचं रूपही बदलत गेलं.

विषाणू फुफ्फुसात उतरायला मात्र आणखी काही दिवस जातात. तोवर टी-पेशी आणि नवी प्रतिपिंडं दोन्ही पोहोचलेली असतात. म्हणून संसर्गापासूनचं संरक्षण आणि गंभीर आजारापासूनचं संरक्षण वेगवेगळ्या गतीने ओसरतं. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 19 देशांतल्या 65 अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. आधीच्या संसर्गाने मिळालेलं संरक्षण 40 आठवड्यांनी ओमायक्रॉनच्या संसर्गाविरुद्ध 36 टक्क्यांपर्यंत घटलेलं होतं, पण त्याच मुदतीला गंभीर आजाराविरुद्ध ते सुमारे 89 टक्के होतं.

याचा अर्थ रोग ओढवून घेणं शहाणपणाचं होतं असा कुणी काढू नये. तीच प्रतिकारशक्ती लसीने आयुष्याची जोखीम न घेता मिळत होती. 2021 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच कर्मचाऱ्यांची नोंद मांडली. लसीचे दोन डोस घेतलेल्यांमध्ये संसर्ग 65 टक्के, रुग्णालयात भरती होण्याची वेळ 77 टक्के आणि आयसीयूत जाण्याची वेळ 94 टक्के कमी आली. आजार होऊन गेलेल्यांनाही लसीचा फायदा झालाच. सायरनच्या पुढच्या निष्कर्षांत, ओमायक्रॉन येण्याआधीच्या काळात, लस न घेतलेल्यांचं संरक्षण वर्षानंतर उतरू लागलं होतं, तर आजारानंतर लस घेतलेल्यांचं 18 महिने उलटूनही 90 टक्क्यांच्या वर होतं.

म्हणून बहिणीला मी सांगितलं, की धडधाकट माणसाने दर काही महिन्यांनी पैसे भरून हा आकडा तपासत बसू नये. त्यावरून ड्यूटी घ्यायची की टाळायची हे ठरत नाही, आणि लस घ्यायची की नाही हेही ठरत नाही.

मास्क मात्र सोडू नकोस, असंही सांगितलं. टिकाऊ प्रतिकारशक्तीने ती स्वतः वाचेल. तिला दोन दिवस नाक चोंदण्यापलीकडे कदाचित काही होणार नाही. पण त्या दोन दिवसांत ती विषाणू पसरवू शकते, आणि ज्या खाटेशी ती सलाइन लावायला वाकते तिथे मूत्रपिंड बदललेला किंवा केमो चालू असलेला रुग्ण असू शकतो. अशांच्या बी-पेशी आणि टी-पेशी औषधांनी दाबलेल्या असतात, त्यांच्यात लसीनेही पुरेसा साठा तयार होत नाही. सर्दी झालेल्या सिस्टरला आणि आयाबाईला घरी थांबता आलं पाहिजे. ठेकेदाराकडून लागलेल्या वॉर्डबॉयचा त्या दिवसाचा पगार कापला जात असेल तर तो नाक पुसत कामावर येणार, आणि मग त्याच्या स्वतःच्या शरीरात किती स्मृतिपेशी आहेत याचा त्या रुग्णाला काडीचाही उपयोग होणार नाही. आजारपणाची पगारी रजा कंत्राटी माणसालाही मिळायला हवी, आणि ती मास्क-सॅनिटायझरच्याच खर्चात धरायला हवी.