लिफ्टचा तपासणी अहवाल: १९३९ पासूनची पार्श्वभूमी

सोसायटीच्या कपाटात लिफ्टचे दोन प्रकारचे कागद असतात. मेकॅनिक दर महिन्याला सेक्रेटरीची सही घेऊन देतो ती सर्व्हिसिंगची स्लिप, आणि सरकारी निरीक्षकाचा तपासणी अहवाल. ‘आमची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या कमिट्या पहिल्या कागदालाच दुसरा समजतात. हे दोन कागद वेगळे का ठेवले गेले, हे समजायला मागे जावं लागतं.

लिफ्टची भीती मुळात एकच होती: दोर तुटला तर? एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसमोर उंचावरच्या फलाटावर उभं राहून दोर कापायला लावला. फलाट थोडासा घसरला आणि अडकून थांबला. दोराचा ताण गेला की स्प्रिंग उघडून दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांना पकड घ्यायची, अशी ती युक्ती. आजच्या लिफ्टमधला सेफ्टी गिअर त्याच विचाराचा वंशज. वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारा भाग, त्याला कामाला लावतो आणि केबिन रुळांनाच धरून उभी राहते. मात्र ही यंत्रणा रोजच्या वापरात कधीच काम करत नाही. ती बिघडली असेल तर लिफ्टमध्ये चढणाऱ्याला काहीच जाणवत नाही. म्हणून ती मुद्दाम तपासावी लागते. अहवालाची गरज इथून सुरू होते.

मुंबईत ही गरज १९३० च्या दशकात वाढली. बॅकबेच्या भरावावर, मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला पाच-सहा मजली फ्लॅटच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्याआधी चाळीचे जिने चढणाऱ्या शहरात लिफ्ट ही हॉटेलांतली किंवा मोठ्या कचेऱ्यांतली वस्तू होती. आता ती घराच्या दारात आली. मुंबई लिफ्ट कायदा १९३९ साली आला, तो त्याच दशकाच्या शेवटी. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

त्या कायद्याची मांडणी साधी होती: लिफ्ट बसवण्याआधी परवानगी, चालवण्याआधी लायसन्स, ठरावीक काळाने निरीक्षकाची तपासणी, आणि अपघात झाला तर त्याची खबर. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली. लिफ्ट विकणारा किंवा दुरुस्त करणारा ती सुरक्षित आहे असं स्वतःच ठरवू शकत नाही. हे ठरवणारा माणूस तिसरा हवा. या कायद्यातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

पुढे १९५८ चे नियम आले. हाच मुंबईचा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला. देशभर एकच केंद्रीय लिफ्ट कायदा आजही नाही, प्रत्येक राज्य आपापला करतं. उत्तर प्रदेशात तर नोएडातल्या दुर्घटनांनंतर, थेट २०२४ मध्ये तो झाला.

महाराष्ट्राने २०१७ च्या कायद्याने जुना १९३९ चा कायदा बाजूला सारला. नावात लिफ्टबरोबर सरकते जिने आणि सरकते मार्गही आले, कारण मॉल, मेट्रो आणि विमानतळ आले होते. सरकारी कागदात लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दाला बिचकू नये. तांत्रिक मोजपट्टीही बदलली: आयएस १४६६५ या जुन्या भारतीय मानकानंतर २०२२ मध्ये आयएस १७९०० ची मालिका आली.

बांधकामावरच्या लिफ्टचा धोका निराळा. ठाण्यात बाळकूमला १० सप्टेंबर २०२३ रोजी ४० मजली इमारतीवरून कामगारांना घेऊन येणारी लिफ्ट कोसळून सात जण गेले. तिथे राहायला येणाऱ्यांच्या लिफ्टइतकीच काळजी त्या लिफ्टची घ्यायला हवी होती.

आता अहवाल हातात घेतलात तर आधी दरवाजाच्या इंटरलॉकची, म्हणजे केबिन समोर नसताना दार बंदच ठेवणाऱ्या कुलपाची, नोंद शोधा. केबिन मजल्यावर नसताना बाहेरचं दार उघडत असेल, तर बाकी सगळं ठीक असूनही ती लिफ्ट बंद ठेवायला हवी. मग वायर रोपच्या तुटलेल्या तारा, ब्रेक, गव्हर्नर, तळखड्ड्यात साचलेलं पाणी, अलार्म, अर्थिंग. मशीन रूममध्ये ठेवलेली सोसायटीची अडगळ ‘किरकोळ’ वाटते, पण अडकलेल्या माणसाला सोडवायला मेकॅनिक तिथेच धावतो. प्रत्येक त्रुटीपुढे दुरुस्तीची तारीख लिहून घ्या आणि एएमसीवाल्याकडून ती लेखी मागा.

शेवटी लायसन्सवरचं नाव बघा. इमारत ताब्यात येऊन वर्षं उलटली तरी तिथे बिल्डरचंच नाव राहिलेलं असतं. ते सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज पुढच्याच कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्या.