स्वस्त म्हणजे हलकी? आर्जेन्टिनाच्या वाइनबद्दलचा गैरसमज

आर्जेन्टिनाची वाइन स्वस्त मिळते, म्हणजे ती हलकीच असणार, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. किंमत कमी राहत आली ती तिथल्या जमिनीच्या नि मजुरीच्या दरांमुळे, तिथल्या घसरत्या चलनामुळे, म्हणजे पेसोमुळे. शिवाय मेंदोसा या तिथल्या मुख्य वाइन-प्रांतात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. हवा इतकी कोरडी की बुरशीवरच्या फवारणीचा खर्चही बेताचाच. वेलींना पाणी मिळतं ते अँडीजच्या वितळलेल्या बर्फाचं, पाटांनी खेळवलेलं. मेंदोसातल्याच उको खोऱ्यात १,००० मीटरच्या आसपास उंचीवर दिवसा कडक ऊन, रात्री गारठा! म्हणूनच माल्बेक या तिथल्या काळ्या द्राक्षात गोडवा भरतो आणि आंबटपणाही टिकतो. १९९८ साली छोटी वायनरी म्हणून सुरू झालेल्या आचावाल फेरेरच्या, याच खोऱ्यातल्या आल्तामिरा भागातल्या जुन्या वेलींपासून केलेल्या माल्बेकला तर परदेशी समीक्षकांनी भरभरून दाद दिली आहे.